पोच

बाईंच्या लेखाची फाइल मी कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याला दिली तेव्हा तो म्हणाला, "फाइल बिघडलीय की तुमची. सगळी प्रश्नचिन्हंच यायला लागलीत." मी म्हटलं, "तशीच आहे ती. छाप." त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि चार पानं काढून दिली. पाऊस होता म्हणून प्लास्टिकची पिशवीही दिली. चार पानं प्रश्नचिन्हं भिजू नयेत म्हणून पिशवी! मला हसूही येईना.

हे कसं झालं ते सांगायचं तर तीन आठवडे मागे जायला हवं.

आपल्या मंडळात मी एकटाच बीसीएचा. बाकी बहुतेक सगळे बी.ए.चे, दोघं-तिघं कॉमर्सचे. त्यामुळे 'कॉम्प्युटरचं' काही निघालं की सगळ्या माना माझ्याकडे वळतात. या ई-अंकासाठी दरवर्षी साहित्य यायचं ते कुणाचं व्हॉट्सॲपवर, कुणाचं मेलवर, कुणाचं वहीच्या पानाचा तिरका फोटो काढून. मॅडम वैतागून गेल्या होत्या. बैठकीत मी म्हटलं, "मी एक फॉर्म करून देतो. नाव लिहायचं, लेख चिकटवायचा, बटण दाबायचं. दोन दिवसांचं काम आहे." दोन दिवस हा शब्द मी का वापरला, देव जाणे.

बी.ए.च्या मित्रांनी पुढच्या भागाला घाबरू नये. आपण जे 'पेज' म्हणतो त्यात खरं तर दोन प्रोग्राम दोन ठिकाणी चालत असतात. एक लांब कुठल्यातरी सर्व्हरवर. माझा पीएचपीत होता. दुसरा वाचणाऱ्याच्या फोनवर, ब्राउझरच्या आत, तो जावास्क्रिप्टमध्ये. दोन्ही भाषा १९९५ सालीच जगासमोर आल्या, पण एका वयाच्या म्हणून ओळख असते असं थोडंच आहे? मी मात्र दोन्ही एकाच फाइलीत लिहीत होतो. वर पीएचपी, खाली जावास्क्रिप्ट. मला वाटायचं, एका घरात राहतात म्हणजे बोलत असतील. लेखक खाली आपलं नाव टाइप करतोय, जावास्क्रिप्टला ते कळतंय, मग वरच्या पीएचपीच्या व्हेरिएबलमध्ये ते का येत नाही? एक अख्खा शनिवार यात गेला.

सोमवारी लॅबमधल्या सरांना विचारलं. त्यांनी स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "लग्नपत्रिका छापखान्यातून घरी आली. तू त्यावर पेनानं मामाचं नाव वाढवलंस. छापखान्यात ते दिसणार आहे काय?"

"नाही सर."

"मग? परत जायला पाहिजे की."

एवढंच. पीएचपी आधी चालतं, पान तयार करून पाठवून देतं आणि आपलं दुकान बंद करून टाकतं. जावास्क्रिप्ट जागं होतं ते पान घरी पोचल्यावर. पीएचपीने पानात काही लिहून पाठवलं तर ते जावास्क्रिप्टला वाचता येतं, पण उलट नाही. उलट सांगायचं असेल तर छापखान्याला नवी फेरी मारायची. आणि गंमत म्हणजे छापखाना विसराळू. तुम्ही मघाशी येऊन गेलात हे त्याच्या लक्षात नसतं. दर फेरीला ओळख नव्याने द्यायची.

पूर्वी ही फेरी मारायची म्हणजे अख्खं पान पुन्हा लोड व्हायचं. पान तसंच ठेवून मागच्या दाराने सर्व्हरशी बोलायची सोय नंतर रुळली. जेसी जेम्स गॅरेट याने २००५ मध्ये तिला 'एजॅक्स' हे नाव दिलं. आता त्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये 'फेच' आहे. मी फेच वापरलं. लेख जेसनमध्ये बांधला. जेसन म्हणजे एक साधी बांधाबांध: महिरपी कंस, त्यात 'नाव' आणि नावासमोर मजकूर, 'लेख' आणि लेखासमोर मजकूर. दोन्ही बाजूंना वाचता येईल असं गाठोडं.

गाठोडं पाठवलं. सर्व्हरवर काहीच नाही. पीएचपीत 'पोस्ट' नावाचा एक डबा असतो, आलेला माल त्यात मिळतो असं पुस्तकात होतं. डबा रिकामा. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये माझं गाठोडं निघालेलं दिसतंय, तिकडे डबा रिकामा. दोन रात्री. शेवटी कळलं की डब्यात फक्त दोन प्रकारची पाकिटं पडतात, जुन्या साध्या फॉर्मची आणि फाइली जोडलेल्या फॉर्मची. जेसनचं पाकीट डब्यात पडत नाही. ते बाहेर पायरीवर तसंच पडून राहतं आणि 'इनपुट' नावाच्या कच्च्या वाटेने जाऊन आपणच उचलून, आपणच सोडायचं असतं. उचललं, सोडलं, आत माझं नाव होतं. रात्रीचे दीड वाजले होते. आईने दार उघडून "झोप आता" म्हटलं तेव्हा मी तिला ते दाखवलं. ती म्हणाली, "तुझंच नाव की. त्यात काय?"

पण त्या रात्री मी माझं नाव इंग्रजीत लिहिलं होतं. लेखाच्या जागी 'टेस्ट टेस्ट', तेही इंग्रजीत. कीबोर्ड बदलायचा कंटाळा. मराठी मंडळाचा फॉर्म, आणि तो तपासताना मी एकही मराठी अक्षर टाइप केलं नाही. लोकांच्या हातात तो असाच गेला.

पहिल्याच दिवशी एका मित्राचा फोन. "अरे, माझं नाव अवैध आहे म्हणतोय तुझा फॉर्म." नावात काय काय चालेल याची तपासणी मी कुठल्याशा धड्यातून जशीच्या तशी उचलली होती, ए ते झेड एवढीच अक्षरं तिला मान्य. आमच्या बेळगावात मराठी नाव मराठीत लिहिल्यावर 'अवैध' असं उत्तर यावं आणि ते मराठी मंडळानेच द्यावं! मित्राने त्यावरून दोन दिवस माझा जीव खाल्ला. मी ती तपासणी काढूनच टाकली. दारावरचा आडमुठा पहारेकरी गेला, मी निर्धास्त झालो.

मग मराठी नावं आत जाऊ लागली. बटण दाबलं की फेच जायचं, सर्व्हर 'ठीक' असं उत्तर द्यायचा आणि पडद्यावर हिरव्या पट्टीत उमटायचं: 'आपले साहित्य मिळाले. धन्यवाद!' त्याच क्षणी फॉर्म रिकामा व्हायचा. पट्टीचा हिरवा रंग निवडायला मी अर्धा तास घालवला होता. फॉर्म रिकामा करणारी ओळही माझीच.

मधे एक संध्याकाळ मी एका वेगळ्याच काळजीत घालवली. सर्व्हरच्या उत्तरात लेखकाचं नाव परत यायचं, ते नेटवर्क टॅबमध्ये भलतंच दिसायचं. 'न'च्या जागी उलटी तिरकी रेघ, 'यू' आणि पुढे ०९२८. प्रत्येक अक्षराचं असंच. मी घाबरलो. पण ते बिघडलेलं नव्हतं. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ घरं दिलेली आहेत आणि त्यात 'न'चा घरक्रमांक तो आहे. पीएचपी जेसन बांधताना अक्षराऐवजी पत्ता लिहितं, ब्राउझर पत्त्यावरून अक्षर शोधून काढतो. सगळं सुखरूप. तरी मला ते बघवेना म्हणून पत्त्याऐवजी अक्षरंच जावीत अशी व्यवस्था मी केली. जिथे काही मोडलं नव्हतं तिथे मी डागडुजी करत बसलो होतो. ज्या टेबलात लेख साठत होते ते उघडून बघावं असं एकदाही मनात आलं नाही. उत्तर 'ठीक' येत होतं ना!

मुदत ३१ जुलैची होती. त्या रात्री टेबल उघडलं. तेवीस नोंदी. मन भरून आलं, इतकं साहित्य कधीच आलं नव्हतं. मग नजर नावांच्या रकान्यावर गेली.

???? ??????. ??? ??????. ????? ???????.

लेखांचा रकाना पण तसाच. वरपासून खालपर्यंत.

कारण सांगायला सोपं आहे, म्हणून जास्त लाज वाटते. संगणकावर अक्षरं साठवायची म्हणजे प्रत्येकाला आकडा द्यायचा. जुन्या 'लॅटिन-१' पद्धतीत जेमतेम २५६ जागा. त्यात युरोपातल्या बऱ्याच भाषांची सोय होते, आपली नाही. यूटीएफ-८ मध्ये सगळ्यांची होते. देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात, पण जागा मिळते. माझ्या ब्राउझरपासून पीएचपीपर्यंत आणि पीएचपीपासून डेटाबेसच्या दारापर्यंत सगळं यूटीएफ-८ होतं. आतलं टेबल मात्र मी काहीच न सांगता बनवलेलं. फुकट मिळालेल्या सर्व्हरवर मायएसक्यूएलची जुनी आवृत्ती होती, आणि न सांगता बनवलं की ती टेबल लॅटिन-१ मध्ये बनवते. त्या टेबलाच्या माहितीत चक्क 'लॅटिन-१ स्वीडिश' असं लिहिलं होतं. मायएसक्यूएल मूळची स्वीडनची, अक्षरांचा क्रम तिथला. २०१८ च्या आठव्या आवृत्तीपासून ही रीत बदलली, पण माझ्या वाट्याला जुनी आली. खानापूर तालुक्यातल्या आठवणी स्वीडिश फडताळात ठेवायला गेलो होतो. मावेना त्या अक्षराच्या जागी त्याने एकेक प्रश्नचिन्ह ठेवलं आणि वर 'ठीक' म्हणून सांगितलं. सर्व्हरची कडक पद्धत चालू असती तर त्याने नोंद घ्यायलाच नकार दिला असता. ती बंद होती.

पुष्कळदा मराठी मजकूर वेड्यावाकड्या लॅटिन खुणांसारखा दिसतो, तुम्ही पाहिला असेल. तो दिसायला भयंकर, पण आतले बाइट शाबूत असतात. नीट वाचायला सांगितलं की अक्षरं परत येतात. प्रश्नचिन्हाचं तसं नाही. तिथे मूळ आकडाच पुसून दुसरा लिहिलेला असतो. परतीची वाट नाही. सरांना दाखवलं. या वेळी त्यांनी स्क्रीनकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "फोन लाव सगळ्यांना."

लावले. बावीस जणांकडे लेख होते, कुणाच्या वहीत, कुणाच्या व्हॉट्सॲपमध्ये. शिव्या खाल्ल्या, लेख मिळाले. तेविसाव्या नोंदीत फोन नंबर बाईंचा होता. मला तो लावता येईना.

बाई म्हणजे आपल्याच कॉलेजच्या जुन्या विद्यार्थिनी, मंडळाच्या तेव्हाच्या सदस्य, नंतर खेड्यातल्या मराठी शाळेत नोकरी. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मंडळाच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत असतात, त्यामुळे सगळे त्यांना बाईच म्हणतात. लिहा म्हणून मीच त्यांच्या मागे लागलो होतो. लिंकही मीच पाठवली होती.

म्हणून मी ती चार पानं घेऊन टिळकवाडीला गेलो. बाईंनी दार उघडलं. "ये की. भिजलास काय? बस, चहा टाकते."

"बाई, आधी एक सांगायचंय."

सांगितलं. छापखाना, पाकीट, स्वीडन, यातलं काहीच नाही. "तुमचा लेख माझ्याकडून गेला," एवढंच म्हटलं.

"गेला म्हणजे? मला तर धन्यवाद म्हणून आलं होतं." त्यांनी विचारलं. "हिरव्या पट्टीत. नातवानं वाचून दाखवलं."

"तुमच्याकडे आहे का कुठे?"

नव्हता. नातवाच्या फोनवर, थेट माझ्या फॉर्मच्या चौकोनात, बोलून लिहिला होता. तीन रात्री. फोन बंद करायचा नाही, चौकोन मिटायचा नाही, असं नातवाला बजावून. बोललेलं फोन लिहून घ्यायचा. स्वल्पविराम-पूर्णविराम मात्र बाईंनी मागून एकेक करून स्वतः घातले होते. शिक्षिकाच त्या.

मी पानं पुढे केली. का केली ते मलाही नीट सांगता येणार नाही. रिकाम्या हाताने जाणं बरं दिसेना, एवढंच असेल. बाईंनी चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता रागावतील.

"हे १९७४," त्यांनी बोट ठेवलं. "नोकरीला लागले ते."

फोनवर आकडे इंग्रजी लिपीतले उमटले होते. इंग्रजी आकड्यांना त्या फडताळात जागा होती. विरामचिन्हांनाही होती, शब्दांमधल्या मोकळ्या जागांनाही, परिच्छेदांनाही. सगळा लेख गेला होता, पण त्याचा सांगाडा जागच्या जागी उभा होता. हे मी इतके दिवस पाहत होतो आणि मला दिसलं नव्हतं.

"६.४०. पहिली गाडी. ती चुकली की दिवस गेला. ३, म्हणजे फाट्यापासून तीन किलोमीटर चालत. पावसात चप्पल हातात." बोट पुढे सरकलं. "४७. हजेरीपटावर सत्तेचाळीस नावं, आणि वर्गात अकरा. हे बघ, ११. भातलावणी चालू होती ना, कोण येणार शाळेला?"

मी वही काढली आणि लिहायला लागलो. चहा राहिला. बाई आकड्यावरून आकड्यावर जात होत्या, ओढ्यातल्या दगडांवरून जावं तसं, आणि मधलं पाणी त्यांना पाठ होतं. एका ओळीत एवढंच होतं:

??? ?????!

"हे काय असेल बाई?"

"बाई आल्या!" त्या लगेच म्हणाल्या. "लांबून मला बघितलं की एक पोरगं झाडावरनं ओरडायचं."

मी बोटांवर मोजलं. आपल्या लिपीत काना, मात्रा, हलन्त सगळी वेगळी चिन्हं म्हणून मोजली जातात. ब, काना, ई: तीन. आ, ल, हलन्त, य, काना: पाच. बरोबर. मग मी प्रत्येक वाक्य मोजायला लागलो. दोन-चारदा बाईंच्या तोंडून आता निघालेलं वाक्य कागदावरच्यापेक्षा लांब भरलं. मी सांगितल्यावर त्या थांबायच्या, डोळे मिटायच्या आणि एखादा शब्द गाळायच्या. "हां, तेव्हा 'फार' म्हटलं नव्हतं." जमून गेलं की स्वतःच खूश व्हायच्या. माझ्या अपराधाचं त्यांनी शब्दकोडं करून टाकलं होतं.

तीन संध्याकाळी गेलो. नातूही येऊन बसायचा. तिसऱ्या दिवशी आम्ही शेवटच्या पानावर आलो. शेवटून दुसरा परिच्छेद, सहा ओळी. त्यात एकही आकडा नाही. उद्गारचिन्ह नाही. तीन पूर्णविराम, बाकी सगळी नुसती प्रश्नचिन्हं.

बाई त्या ओळींकडे बघत राहिल्या.

"आठवत नाही का बाई?"

"आठवतं की." चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला. "हे आमच्या ह्यांच्याबद्दल होतं. त्या रात्री घरात कोण नव्हतं म्हणून बोलले. ते एकदाच व्हायचं होतं, झालं. तू पुढचं घे."

मी पुढचं घेतलं.

टेबल आता यूटीएफ-८ मध्ये आहे, चार बाइटवालं. कडक पद्धत चालू केली. फेचबद्दलही एक नंतर कळलं: सर्व्हरवर मोठा घोटाळा होऊन पाचशेचा आकडा परत आला तरी फेचच्या लेखी प्रवास यशस्वीच, काय उत्तर आलं ते आपण उघडून बघायचं असतं. तेही आता बघतो. आणि हिरवी पट्टी काढली. सर्व्हर लेख साठवतो, साठवलेला लेख टेबलातून पुन्हा वाचतो आणि तो वाचलेला मजकूर ब्राउझरला पाठवतो. पडद्यावर तुमचाच लेख दिसतो, खाली विचारलेलं असतं, 'असाच आहे ना?' हो म्हटल्याशिवाय चौकोन रिकामा होत नाही. सर म्हणाले, "एक फेरी जास्त होते." होऊ दे.

बाईंचा लेख याच अंकात आहे. शेवटून दुसऱ्या परिच्छेदाच्या जागी सहा ओळी कोऱ्या दिसतील. मॅडमनी विचारलं होतं, खालचा मजकूर वर घेऊया का म्हणून. बाईंना विचारून ती जागा तशीच ठेवली आहे.